पाच मिनिटांत उत्तर

प्रियदर्शनी मगदूम एखाद्या धंद्याची जाहिरात करायला घ्यायची, तर आधी आठ दिवस त्या दुकानात नुसती बसायची. मोबाइल पिशवीत आणि हातात शाळकरी वही. मालकाला वाटायचं, ही बाई काम करायला आलीय की पाहुणचार घ्यायला? दोन दिवस तो तिच्यापुढं सावरून बोलायचा, चहा मागवायचा. तिसऱ्या दिवशी ती तिथं बसलीय हेच विसरायचा आणि गिऱ्हाइकाशी नेहमीसारखा बोलायला लागायचा. तिला तेवढंच हवं असायचं. मग ती वही उघडायची.

कोल्हापुरात डिजिटल मार्केटिंग करून देणारे उदंड झालेत. राजारामपुरीत एक दगड भिरकावला तर दोघांना लागेल. त्यांचं काम सोपं असतं. "आजच भेट द्या", "दर्जा आणि विश्वासाचं दुसरं नाव", आणि खाली मालकाचा गॉगल घातलेला फोटो. बेकरी असो नाहीतर बोअरवेल, वाक्य तेच. प्रियदर्शनीला त्या वाक्यांची शिसारी यायची. ती एकटीच काम करायची. ऑफिस नाही, भागीदार नाही, आणि नियम दोनच. जाहिरातीतले शब्द मालकाच्या तोंडचे हवेत, आपल्या पदरचा एकही घालायचा नाही. आणि फोनवर विचारणा करणाऱ्याला पाच मिनिटांत उत्तर मिळालं पाहिजे. सहाव्या मिनिटाला तो दुसऱ्याच्या दारात उभा असतो.

हे ती कुठल्या क्लासात शिकली नव्हती. हुपरीला तिच्या वडिलांचं, महावीरआप्पांचं, घरातच पैंजणांचं काम. आप्पा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पायात घालून चार पावलं चाल बाई, कानाला बरं वाटलं तरच घे." पोरीनं ते वाक्य जसंच्या तसं व्हिडिओत घातलं आणि नाशिक-नागपूरहून मागण्या आल्या. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं की माणसाचं वाक्य उचललं की त्याचं सगळं कसब उचललं. पहिल्याच फटक्यात यश मिळालं की माणसाला शहाणपण शिकवायची कुणाची छाती होत नाही. तिचंही तसंच झालं.

कसबा बावड्याची वर्षाराणी तिच्याकडं आली ती सासऱ्यांसाठी. सासरे म्हणजे केरबाआण्णा, वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, पुढं पन्नास वर्षं हाडं बसवायचं काम. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, मोडलेलं मनगट. कळकाच्या कामट्या, अंड्याचा पांढरा बलक आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या, एवढीच त्यांची हत्यारं. डॉक्टरांना हे पटत नाही आणि त्यांचं काही चुकत नाही. पण बावड्यातल्या दोन पिढ्यांचे हातपाय आण्णांनी सरळ केले होते, हेही तितकंच खरं.

"माणसंच येईनात वो ताई," वर्षाराणी म्हणाली. "सकाळी आंघूळ करून, टोपी घालून बसत्यात. दुपारपतुर कोण न्हाय आलं की जेवतबी न्हाईत. म्हणत्यात, काम न्हाय केलं तर भूक कशी लागंल? अशानं म्हातारं जगायचं न्हाय."

प्रियदर्शनी तिच्या रीतीप्रमाणं आठ दिवस आण्णांच्या घरापुढच्या सोप्यात बसली. त्या आठ दिवसांत अकरा माणसं आली. आण्णा प्रत्येकाशी भरपूर बोलायचे. खांदा धरून म्हणायचे, "हाड रुसलंय. जरा समजूत काढतो, येतंय जाग्यावर." आणि बोलता बोलता असा काही हिसका द्यायचे की माणूस किंचाळायचा आणि पुढच्या क्षणी हसायला लागायचा. तिनं ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आण्णांची एक सक्त रीत होती. पट्टी बांधली की दुसऱ्या दिवशी सकाळी हात दाखवायचाच. गावचा असला तर चालत यायचा. परगावचा असला तर त्याला ते सोडायचेच नाहीत. रात्री सोप्यातच घोंगडं अंथरून द्यायचे, भाकरी-आमटी घालायचे आणि उजाडल्यावर हात बघूनच वाटेला लावायचे. सकाळी ते माणसाला पुढ्यात बसवून त्याच्या बोटाचं नख अंगठ्यानं दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. आणि दाबता दाबता म्हणायचे, "सूज हाय, दोन-तीन दिस ऱ्हाणारच. ठणकंल बी. घाबरायचं न्हाय, पट्टी सोडायची न्हाय." एका म्हातारीला मात्र त्यांनी तसं म्हटलं नाही. तिचं नख दाबलं, सोडलं, ते पांढरंच राहिलं, आणि त्यांनी सगळी पट्टी कात्रीनं टराटरा कापून काढली. प्रियदर्शनी त्या वेळी वर्षाराणीशी फोटोबद्दल बोलत होती. तिच्या वहीत आण्णांचं वाक्य उतरलं, अंगठा काही उतरला नाही.

व्हिडिओ आला आणि "हाड रुसलंय" तीन जिल्ह्यांत पोचलं. महिन्याभरात आण्णांच्या दारात दिवसाला तीस-चाळीस माणसं. सांगलीची, साताऱ्याची, बेळगावकडची. म्हातारा तीन वेळा जेवायला लागला. वर्षाराणीनं आनंदानं पेढे वाटले. पण सोप्यात घोंगडी अंथरायची झाली तर दहा माणसांच्या वर जागा नाही आणि चाळीस जणांच्या भाकरी थापायला तिला हातही दोनच.

"हे राहायचं आता बंद करू या आण्णा," प्रियदर्शनीनं सुचवलं. "लोक लांबून येतात, त्यांना दुसऱ्या दिवशीची खोटी होते. त्यापेक्षा फोनवर विचारू देत. उत्तर आपण देऊ."

"बघितल्याबिगर सांगायचं कसं?"

"फोटो पाठवतील की."

आण्णा टोपी काढून डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "तुमी शिकलेली माणसं. तुमास्नी ठावं."

बिचाऱ्याचं काही चुकलं असेल तर एवढंच. पन्नास वर्षं पाळलेली रीत त्यांनी एका वाक्यात सोडली, आणि ती का पाळत होते ते सांगायचं राहून गेलं. तिनंही विचारलं नाही. जाहिरातीत नवी ओळ आली: "एकाच भेटीत काम. पुढची विचारपूस फोनवर."

फोनचं सगळं प्रियदर्शनीकडं. लोक तेच तेच प्रश्न विचारतात हे तिला सगळ्या धंद्यांत दिसलं होतं, म्हणून तिनं आण्णांचीही बारा उत्तरं तयार करून ठेवली. पत्ता विचारला की पत्ता, वेळ विचारली की वेळ. निरोपात "सूज", "दुखतंय", "ठणका" असं काही आलं की आण्णांचं ते "सूज हाय"चं वाक्य आपोआप जायचं, त्यांच्याच बोलीत, खाली त्यांचं नाव. फोटो आला तरी निरोपातले शब्द बघूनच उत्तर जायचं. पहिले दोन महिने ती रोज संध्याकाळी सगळे निरोप आणि फोटो डोळ्यांखालून घालायची. मग आणखी कामं आली, एक मसाल्याची, एक बिद्रीच्या गुळवाल्याची. मग दोन-तीन दिवसांनी बघायला लागली. सगळं सुरळीत चाललं होतं. लोक आभाराचे निरोप पाठवत होते, पाचपैकी पाच तारे देत होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी जतच्या पलीकडचा वसंत आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आला. वसंतचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पोरीचं नाव अवनी. घराच्या पायरीवरून पडून तिचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला होता. आण्णांनी हाड बसवलं, कामट्या लावल्या, पट्टी आवळली. आणि सवयीनं म्हणाले, "आज ऱ्हावा पावणं. सकाळी बघतो."

"फोनवर इचारतो की आण्णा," वसंत म्हणाला. "तसंच लिवलंय न्हवं तुमच्या जाहिरातीत?"

आण्णांनी वर्षाराणीकडं पाहिलं. बाहेर एकोणीस माणसं खोळंबली होती. तिनं मान हलवली. वसंत लेकीला घेऊन दोनची एसटी धरायला गेला.

रविवारी प्रियदर्शनी हुपरीला होती. आठवड्यातून एक दिवस ती फोन बाजूला ठेवायची आणि आईच्या, राजमतीअव्वाच्या, हातचं जेवायची. तिच्या उत्तरं धाडणाऱ्या यंत्राला मात्र रविवार नव्हता.

मंगळवारी सकाळी तिनं फोन उघडला तेव्हा आण्णांच्या नावाखाली एक तारा दिसला. पट्टी बांधून तीन दिवस झाले की प्रत्येकाला आपोआप निरोप जायचा, "आमचं काम कसं वाटलं?" त्याचं ते उत्तर होतं. "माझ्या लेकीचा उजवा हात कोपराच्या खाली काढला. ती नऊ वर्षांची हाय. तुमीच सांगितलं पट्टी सोडू नका."

तिनं निरोप उघडले. रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. "आण्णा बोटं लई सुजल्यात. पोरगी रडाय लागल्या. फोटो धाडलाय बघा." त्याच मिनिटाला उत्तर. "सूज हाय, दोन-तीन दिस ऱ्हाणारच. ठणकंल बी. घाबरायचं न्हाय, पट्टी सोडायची न्हाय. केरबाआण्णा." संध्याकाळी सव्वाचारला पुन्हा. "लई ठणकतंय म्हणत्या. बोटं गार लागत्यात. सोडू का?" पुन्हा तेच उत्तर, शब्दाला शब्द.

फोटो अजून कुणी उघडलेला नव्हता. तिनं तो उघडला. काळीनिळी, टम्म फुगलेली पाच बोटं. ती डॉक्टर नव्हती, पण ते बघायला डॉक्टर असायची गरज नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही सांगितलं असतं की आधी ती पट्टी सोडा.

आणि मग तिनं काय केलं? वसंतला फोन नाही केला. बावड्याला नाही गेली. तिनं ते तयार उत्तर यंत्रातून पुसून टाकलं. दुसऱ्या कुणाचं वाईट होऊ नये म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तिलाही ठाऊक होतं आणि त्याची तिला त्याच क्षणी लाज वाटली.

ती बावड्याला पोचली तेव्हा दुपार झाली होती. आण्णांच्या दारात पोलिसांची गाडी उभी. सोप्यात हवालदार खुर्चीवर बसलेला, समोर जमिनीवर आण्णा. वसंतच्या फोनवरचे निरोप हवालदारानं कागदावर छापून आणले होते आणि वर्षाराणी ते आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवत होती, कारण म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती.

"ह्ये तुम्ही सांगितलं का?" हवालदारानं विचारलं.

आण्णांचे ओठ हलत होते. ते ती वाक्यं मनातल्या मनात म्हणून बघत होते. "बोल माझंच हाईत सायेब," ते म्हणाले. "पन्नास वर्सं ह्येच बोलतोय. पर त्या पोरीला कवा बोललो त्ये ध्यानात येईना."

"ध्यानात येईना म्हणजे?"

"वय झालं. बोललो आसंन. माझ्याबिगर ह्ये कोण बोलणार?" आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पर बोटं गार लागत्यात म्हणल्यावर मी आसं म्हणलो? मी?"

वर्षाराणीनं दारात उभ्या प्रियदर्शनीकडं पाहिलं. "ताई, तुमी आण्णास्नी इचारूनच धाडलं आसंल की. न्हवं?"

एक वाक्य बोलायचं होतं. आण्णांना कुणी विचारलं नव्हतं, उत्तर यंत्रानं दिलं, ते मी लिहून ठेवलं होतं. बस्स. पण त्या एका वाक्याच्या पलीकडं तिला पोलीस ठाणं दिसलं, वर्तमानपत्रातलं नाव दिसलं, एक-एक करून काम काढून घेणारे मालक दिसले, हुपरीच्या गल्लीत मान खाली घालून चालणारे आप्पा दिसले. ती म्हणाली, "शब्द त्यांचेच आहेत."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. खोटं बोलायची वेळ आली की शहाणी माणसं खरंच बोलतात, फक्त अर्धं. हवालदारानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि आण्णांना उठवलं. म्हाताऱ्यानं टोपी घेतली नाही. वर्षाराणी ती हातात घेऊन गाडीमागं धावली, पण गाडी निघून गेली होती.

त्या रात्री प्रियदर्शनीला झोप लागली नाही हे सांगायला नको. पण तिला छळत होतं ते पोलिसांचं भय नव्हतं. म्हाताऱ्याचं "मी?" तिच्या कानातून जाईना. हात गेला तो गेलाच; आता आपण गप्प बसलो तर पन्नास वर्षं नखं दाबून बघणारा माणूस मरेपर्यंत हेच मानणार की आपण न बघता सांगितलं. त्याचं कसब त्याच्या डोळ्यांदेखत तिनं चोरलं होतं आणि त्याच्याच नावावर खपवलं होतं. सकाळी ती मिरजेच्या गाडीत बसली. पोरगी तिथल्या दवाखान्यात होती. आधी वसंतला सांगायचं, तिथून ठाण्यात जाऊन लिहून द्यायचं, असं तिनं ठरवलं. वाटेत दोनदा तिला उतरून परत फिरावंसं वाटलं.

वसंत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. शेजारी बायको, मांडीवर डबा, झाकण न उघडलेला. दाराच्या फटीतून आतली खाट दिसत होती आणि खाटेवर झोपलेल्या पोरीच्या हाताचं पांढरं गाठोडं.

"मी कोल्हापूरहून आलेय," प्रियदर्शनी म्हणाली. "आण्णांच्या फोनचं काम मी बघते."

वसंतनं तिच्याकडं मान वर करून बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, राग येण्याइतकी ताकद उरली नव्हती. "आण्णांनी फोटो बघून तसं कसं सांगितलं वो ताई? मी अडाणी माणूस. त्यांनी बघितलं म्हणल्यावर मी गप बसलो. पोरगी दिसभर सोडा सोडा म्हणत हुती. मी वराडलो तिच्यावर. म्हणलं, आण्णांपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय गं? पुन्हा इचारलं तवाबी तेच सांगितलं. दोनदा तेच सांगितल्यावर म्हणलं, आता शंकाच न्हाय."

"आण्णांनी नाही सांगितलं," ती म्हणाली.

"मग?"

तिनं सगळं सांगितलं. वही, बारा उत्तरं, आपोआप जाणारा निरोप. सांगताना तिला जाणवलं की हे सगळं किती हुशारीचं वाटायचं आणि या बाकापुढं उभं राहून बोलताना किती फालतू वाटतंय. "म्हातारा निर्दोष आहे. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी आज ठाण्यात लिहून देणार आहे. तुम्ही माझ्यावर जी करायची ती केस करा."

वसंतला ते नीट कळलं नाही. त्यानं खिशातून फोन काढला, ते दोन निरोप काढले आणि त्यावर बोट ठेवलं. "म्हंजे ह्ये आण्णा न्हाईत?"

"नाही."

"तुमी?"

"मी आधीच लिहून ठेवलेलं. त्या दिवशी मी फोनच बघितला नाही."

"आन् फोटो?"

"मंगळवारी बघितला."

वसंतनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग त्यानं जो प्रश्न विचारला तो तिला टोचायला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग त्या वक्ताला बघत कोण हुतं?"

"कुणीच नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

"मी बघत हुते की," बायको म्हणाली.

डब्याच्या कडीवरून बोट फिरवत, कुणाकडंही न बघता ती बोलत होती. "दुपारधरनं बघत हुते. बोटं काळी पडाय लागली तवा मी कात्री आणली. पट्टीत घातलीबी हुती. ह्यांनी हात धरला माझा. फोन म्होरं केला. म्हणले, वाच, आण्णा काय म्हणत्यात. मी वाचलं. आन् कात्री ठेवून दिली."

वसंतनं तोंडावर हात घेतला. त्याचे खांदे हलायला लागले, पण आवाज आला नाही. प्रियदर्शनीला क्षमा मागायची होती. कुणाची मागायची आणि कशाची, हे ठरवायलासुद्धा तिच्याकडं शब्द नव्हते. आजवर तिनं दुसऱ्यांचेच वापरले होते.

आत खाटेवर हालचाल झाली. "आई," पोरीनं हाक मारली. "आई गं, बोटं दुखाय लागल्यात माझी. ह्या हाताची."

बाई डबा बाकावर ठेवून उठली. आत जाऊन खाटेच्या कडेला बसली आणि त्या पांढऱ्या गाठोड्याशेजारची मोकळी चादर हलक्या हातानं चाचपली.

"कुठलं गं बाळ?" तिनं विचारलं. "कुठलं बोट?"